इंजिनाचा धूर आणि आप्ताचा शब्द

ज्या विषयाचे ज्ञान स्वतःजवळ नाही, त्या विषयात दुसऱ्याच्या शब्दावर विसंबून केलेली कृती ज्ञानावर आधारलेली मानावी की निव्वळ अगतिकतेवर, हा प्रश्न भारतीय दर्शनांनी बहुतांशी वेदप्रामाण्याच्या निमित्ताने चर्चिला आहे. सामान्य माणसाला मात्र त्याची निकड वैद्य, सोनार किंवा मोटारीचा मिस्त्री यांच्यासमोर उभे असताना जाणवते. यांपैकी मिस्त्रीचे उदाहरण तत्त्वचिंतनासाठी विशेष उपयोगाचे आहे. इंजिनातील दोष बंद ओतीव लोखंडाच्या आत असल्यामुळे तो मालकाला दिसत नाही, दुरुस्ती झाल्यानंतरही ती खरोखर आवश्यक होती की नाही हे त्याला कळत नाही, आणि खर्च मात्र असा असतो की एका बिलाने छोट्या वाहतूकदाराच्या घरातील लग्नाची किंवा शिक्षणाची तरतूद पुढे ढकलली जाते. ज्ञानाचा अभाव आणि किंमत मोजण्याची सक्ती एकाच वेळी माणसावर येते, तेव्हा विश्वास या गोष्टीचे स्वरूप अधिक स्पष्टपणे तपासता येते.

तेलंगणातील मावला हे ठिकाण या विचारासाठी अनुरूप आहे. आदिलाबाद शहरालगतचे हे गाव 2016 च्या ऑक्टोबरातील जिल्हा पुनर्रचनेत मंडलाचे ठाणे झाले. मंडल म्हणजे महाराष्ट्रातील तालुक्याहून सामान्यतः लहान असणारा तेलंगणातील महसुली विभाग. श्रीनगरपासून कन्याकुमारीपर्यंत जाणारा राष्ट्रीय महामार्ग 44, ज्याला या टप्प्यात पूर्वी राष्ट्रीय महामार्ग 7 म्हणत, याच परिसरातून जातो. उत्तरेला पैनगंगा ओलांडली की महाराष्ट्राचा यवतमाळ जिल्हा सुरू होतो आणि दक्षिणेला निर्मळच्या घाटातून हैदराबादचा रस्ता धरावा लागतो. नागपूर आणि हैदराबाद यांच्या मधल्या या पट्ट्यात मालमोटार बंद पडली, तर चालकाला आपल्या गावचा ओळखीचा मिस्त्री मिळत नाही, आणि कापसाच्या हंगामात ट्रॅक्टर किंवा टेम्पो उभा राहिला, तर स्थानिक शेतकऱ्याला दुसरीकडे चौकशी करायला सवड नसते. शिवाय हा प्रदेश मराठी, तेलुगू, गोंडी आणि उर्दू या चार भाषांचा आहे, त्यामुळे गाडीचा मालक, तिचा चालक आणि तिच्याखाली शिरलेला मिस्त्री हे तिघे तीन घरांच्या भाषा बोलणारे असणे येथे नवलाचे नाही. नातेगोते, जात किंवा गावकी यांच्या आधाराने विश्वास ठेवण्याची जुनी रीत अशा ठिकाणी पुरी पडत नाही. अनोळखी माणसाच्या शब्दावर कोणत्या कारणाने विसंबावे, हा प्रश्न तेथे उघडा पडतो.

फसवणुकीचे प्रकार सर्वांच्या परिचयाचे आहेत. नुसते नोझल किंवा गॅस्केट बदलून भागले असते तेथे पूर्ण इंजिन उतरवले जाते. न बदललेल्या भागाचे पैसे लावले जातात. कंपनीचा म्हणून डुप्लिकेट भाग बसवला जातो. क्वचित चांगला भाग काढून घेऊन त्या जागी दुसऱ्या गाडीचा झिजलेला भाग येतो. या सर्वांत पैशाचे नुकसान समान असले, तरी ज्ञानाच्या दृष्टीने ते सारखे नाहीत, आणि हा भेद समजण्यासाठी न्यायदर्शनाचा आधार घ्यावा लागतो.

न्यायदर्शन यथार्थ ज्ञानाची चार साधने मानते आणि त्यांना प्रमाणे म्हणते: इंद्रियांनी होणारे प्रत्यक्ष, खुणेवरून काढलेले अनुमान, साम्यावरून होणारे उपमान आणि विश्वसनीय व्यक्तीच्या वचनातून होणारे शब्द. अनुमानाचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण डोंगरावर दिसणाऱ्या धुराचे आहे. धूर दिसला म्हणून तेथे अग्नी आहे असे म्हणता येते, कारण जेथे धूर तेथे अग्नी हा अव्यभिचारी संबंध, म्हणजेच व्याप्ती, स्वयंपाकघरापासून सर्वत्र पाहिलेली असते. मोटारीच्या दुरुस्तीतही पहिली खूण बहुधा धुराचीच असते, आणि शेकडो वर्षे पाठशाळांमधून घोकला गेलेला हा दृष्टान्त गॅरेजच्या दारात अक्षरशः खरा होऊन उभा राहतो, ही गोष्ट केवळ योगायोग म्हणून सोडून देण्यासारखी नाही.

धूर निळसर असेल तर इंजिनातले वंगणतेल जळत आहे, काळा असेल तर इंधनाच्या मानाने हवा कमी पडत आहे, पांढरा आणि सतत असेल तर शीतक पाणी ज्वलनकक्षात शिरत आहे किंवा डिझेल न जळता बाहेर पडत आहे, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. यांतील निळ्या धुराचा विचार अधिक बारकाईने करावा लागतो. तेल जळते आहे येथपर्यंत अनुमान निर्दोष आहे; परंतु ते तेल पिस्टनच्या झिजलेल्या रिंगांवरून वर चढत आहे, की झडपांच्या दांड्यांवरील सीलमधून खाली उतरत आहे, की टर्बोचार्जर असलेल्या इंजिनात टर्बोच्या सीलमधून हवेच्या मार्गात जात आहे, हे धूर सांगत नाही. रिंगा झिजल्या असतील तर इंजिन उतरवून, ब्लॉक लेथवाल्याकडे नेऊन, बोअर करून, नवे पिस्टन घालण्यापर्यंत काम जाऊ शकते. झडपांचे सील खराब असतील तर त्याच्या लहानशा अंशात काम होते. एकाच खुणेमागे एक लहान आणि एक मोठा खर्च दडलेला असतो, आणि मोठा खर्च सांगणाऱ्यालाच त्यातून मिळकत होत असते.

जो हेतू, म्हणजे अनुमानातील खूण, सिद्ध करायच्या गोष्टीबरोबरही आढळतो आणि ती नसतानाही आढळतो, त्याला न्यायशास्त्र सव्यभिचार म्हणते आणि त्याची गणना हेत्वाभासांत, म्हणजे हेतूसारख्या भासणाऱ्या परंतु हेतू नसलेल्या गोष्टींत, करते. निळा धूर दाखवून इंजिन उतरवायलाच हवे असे सांगणारा मिस्त्री तंतोतंत हा दोष करीत असतो. याच्याच जोडीला उपाधीची संकल्पना आहे: अग्नी असेल तेथे धूर असतोच असे म्हणता येत नाही, कारण धूर निघण्यासाठी इंधन ओले असण्याची अट मध्ये असते, आणि ती अट उघड न करता केलेले अनुमान फसवे ठरते. कुशल मिस्त्री नेमकी ही मधली अट शोधतो. पेट्रोलच्या इंजिनात तो प्रत्येक सिलिंडरचा दाब मापकाने मोजतो, नंतर प्लगच्या छिद्रातून थोडे तेल सोडून पुन्हा मोजतो. दाब वाढला तर ते तेल रिंगांच्या फटी बुजवत आहे, म्हणून दोष रिंगांत आहे, आणि वाढला नाही तर झडपांकडे पाहावे लागते. डिझेलच्या इंजिनात तो तेल भरण्याचे झाकण उघडून खालून किती वाफ व दाब येतो ते पाहतो, टर्बोची नळी सोडवून तिच्यात तेल आहे काय हे तपासतो. ही कृती फार वेळ घेणारी नाही. ती वगळली जाते, त्यामागे कधी अज्ञान असते, कधी घाई असते आणि कधी ती केल्यास मोठे काम हातचे जाईल हे माहीत असते.

मालकाला मात्र हे सारे अनुमान स्वतः करता येत नाही. दाबाचा आकडा त्याला दाखवला तरी तो चांगला की वाईट हे पुन्हा मिस्त्रीच सांगणार. म्हणून मालकाच्या बाजूने पाहिले असता मिस्त्रीचे बोलणे हे अनुमान राहत नाही. ते शब्द हे चौथे प्रमाण होते. न्यायसूत्रांत गौतमाने शब्दाची व्याख्या आप्ताचा उपदेश अशी केली आहे, आणि वात्स्यायनाच्या भाष्यात आप्त कोणाला म्हणावे याचे विवरण आहे: ज्याने विषय साक्षात जाणला आहे आणि जसा जाणला तसाच तो दुसऱ्याला कळावा या इच्छेने जो बोलतो, तो आप्त. या विवरणातील सर्वांत उदार भाग त्याच्या पुढचा आहे. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या तिघांना सारखेच लागू पडते, असे वात्स्यायन स्पष्टपणे नोंदवतो. जन्म, वर्ण, धर्म किंवा ग्रंथांचा अभ्यास यांपैकी काहीही आप्तत्वाची अट नाही. ज्या विषयात जो साक्षात जाणतो आणि प्रामाणिकपणे सांगतो, त्या विषयापुरता तो आप्त असतो. महामार्गाकडेच्या पत्र्याच्या शेडमध्ये काळ्या हातांनी टॅपेट लावणारा अल्पशिक्षित माणूस इंजिनाच्या बाबतीत ऋषीच्या बरोबरीने प्रमाण ठरू शकतो, हे दीड हजार वर्षांपूर्वीच्या ग्रंथातून निघणारे अनुमान आजच्याही समाजाला पुरते पचलेले नाही. मिस्त्रीला तुच्छ लेखून त्याच्याशी घासाघीस करणारा आणि त्याच वेळी त्याच्या शब्दावर आपला जीव सोपवणारा मालक या तत्त्वाच्या एका अंगाचा स्वीकार करतो आणि दुसरे अंग नाकारतो.

आप्ताच्या या व्याख्येत दोन अटी आहेत, जाणणे आणि जाणलेले तसेच सांगण्याची इच्छा. वेदप्रामाण्याच्या प्रकरणात भाष्यकार त्यांत तिसरी भर घालतो ती भूतदयेची, म्हणजे ऐकणाऱ्याच्या हिताविषयी कळकळ असण्याची. तेथे तुलनेसाठी आयुर्वेदाचे प्रामाण्य घेतलेले आहे, हे लक्षणीय आहे; अदृष्ट गोष्टींबद्दलचे वचन प्रमाण मानण्याचे समर्थन ज्याचा परिणाम डोळ्यांना दिसतो अशा विद्येच्या आधाराने केलेले आहे. या तीन अटींवर पाहिले असता गॅरेजमधील दोष दोन निराळ्या कुळांतले असल्याचे दिसते. चुकीचे निदान करणाऱ्या मिस्त्रीत पहिली अट अपुरी असते. डुप्लिकेट भागाला कंपनीचा भाग म्हणणाऱ्यात ती पुरी असते, किंबहुना त्याचे ज्ञान चोख असल्यामुळेच त्याला फसवता येते. त्याच्यात दुसरी आणि तिसरी अट नसते. व्यवहारात मालक या दोघांना एकाच शिवीने संबोधतो. नैतिक विचाराने मात्र त्यांना वेगळे केले पाहिजे, कारण पहिल्याला शिकवता येते आणि दुसऱ्याला शिकवून उपयोग नाही.

चरकसंहितेने वैद्यांबाबत हा भेद आणखी पुढे नेला आहे. तिच्या सूत्रस्थानात वैद्याचे चार गुण सांगितले आहेत: शास्त्राचे स्वच्छ ज्ञान, प्रत्यक्ष कर्म पुष्कळ वेळा पाहिलेले असणे, हाताचे कौशल्य आणि शौच, म्हणजे अंतर्बाह्य शुद्धता. त्याच स्थानात वैद्यांचे तीन प्रकार दिलेले आहेत. छद्मचर हे वैद्याची पेटी आणि पुस्तके बाळगून वैद्य असल्याचे सोंग आणणारे. सिद्धसाधित हे प्रसिद्ध वैद्यांशी संबंध सांगून त्यांच्या नावावर जगणारे. आणि तिसरे खरोखर वैद्यगुणांनी युक्त. गॅरेजच्या जगात पहिला प्रकार ओळखायला फारसा कठीण नाही. दुसरा अधिक घातक आहे, कारण मोठ्या कंपनीत काम केल्याचे सांगणारा, नामांकित उस्तादाचा चेला म्हणवणारा किंवा भिंतीवर प्रमाणपत्र टांगणारा माणूस दुसऱ्याचे आप्तत्व उसने घेऊन ते आपले म्हणून चालवतो, आणि ऐकणाऱ्याला मूळ आणि उसने यांत फरक करण्याचे साधन नसते. शौचाचा समावेश कौशल्याच्या बरोबरीने केला आहे, त्याचे कारणही येथे समजते: ज्या विद्येत दोष आत दडलेला असतो तेथे जाणणाऱ्याचे चारित्र्य हा त्याच्या विद्येचाच भाग ठरतो.

अर्थशास्त्रात कौटिल्याने हाच प्रश्न राजदंडाच्या बाजूने हाताळला. कंटकशोधन या चौथ्या अधिकरणाचा आरंभच कारागिरांपासून प्रजेचे रक्षण करण्याच्या प्रकरणाने होतो. ठरलेल्या वेळेत काम न देणाऱ्या कारागिराचे चौथाई वेतन कापून वर त्याच्या दुप्पट दंड करावा, असे तेथे सांगितले आहे. जिवाला धोका असलेली चिकित्सा आधी कळवल्याशिवाय सुरू करणाऱ्या वैद्याला, रोगी दगावल्यास, दंड आहे. या दुसऱ्या नियमातील मर्म महत्त्वाचे आहे, कारण तेथे अपयशाच्या आधी न सांगण्याचा अपराध मोजला गेला आहे. मोटारीच्या दुरुस्तीतील बहुतेक तंटे पाहिले तर त्यांचे मूळ याच ठिकाणी सापडते: इंजिन उघडण्यापूर्वी खर्चाची शक्यता कोणत्या टोकापासून कोणत्या टोकापर्यंत जाऊ शकते, हे मालकाला सांगितलेले नसते, आणि उघडल्यानंतर तो नकार देण्याच्या स्थितीत राहत नाही.

ही अवस्था तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने विशेष विचार करण्याजोगी आहे. उघडल्याशिवाय सांगता येत नाही, हे मिस्त्रीचे वाक्य पुष्कळदा पूर्णपणे खरे असते. बेअरिंगची झीज, क्रँकवरील ओरखडे किंवा हेडला गेलेली बारीक चीर बाहेरून कळत नाही. परंतु ते खरे वाक्य मालकाला अशा जागी नेऊन सोडते की सुटे झालेले इंजिन पुन्हा जोडून दुसरीकडे नेण्याचा खर्चच त्याला बांधून ठेवतो. संमती दिली तेव्हा माहिती नव्हती, आणि माहिती आली तेव्हा स्वातंत्र्य उरले नाही. अशा संमतीला संमती म्हणता येईल काय, याचे उत्तर नकारार्थीच द्यावे लागेल, जोपर्यंत जाणणाऱ्याने आपल्या अज्ञानाची सीमा आधीच उघड केलेली नाही तोपर्यंत. आप्ताच्या व्याख्येत हे कर्तव्य गर्भित आहे. जसे जाणले तसे सांगायचे असेल, तर जे जाणले नाही तेही जाणले नाही असेच सांगावे लागते. अनिश्चित गोष्ट निश्चित स्वरात बोलणारा माणूस, त्याचा अंदाज नंतर खरा ठरला तरी, त्या क्षणी आप्त नसतो.

यावर असा आक्षेप संभवतो की फसवणूक इतकी सर्वत्र असेल, तर कोणाच्याही शब्दावर विश्वास न ठेवणे हाच विवेक होय. उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीत अनुमानाविषयीच्या सार्वत्रिक संशयाला जे उत्तर दिले आहे ते येथेही लागू पडते. संशयाची मर्यादा, त्यांच्या मते, संशय घेणाऱ्याच्या स्वतःच्या वागण्याशी होणारा विरोध ही आहे; ज्या गोष्टीवर शंका आहे असे माणूस म्हणतो, तिच्यावरच विसंबून तो कृती करीत असेल, तर त्याची शंका नुसती बोलण्यापुरती आहे. कोणत्याच मिस्त्रीवर विश्वास नाही असे म्हणणारा चालक निर्मळचा घाट उतरताना ब्रेकच्या पेडलवर पाय ठेवतो, तेव्हा ज्या हातांनी ते ब्रेक बसवले त्यांच्यावर तो जिवाच्या मोलाचा विश्वास टाकत असतो. सरसकट अविश्वास अशा रीतीने आचरणात आणता येत नाही. शिवाय तो अन्यायकारकही आहे, कारण प्रामाणिक मिस्त्री आणि लबाड मिस्त्री यांना एकाच मापाने मोजून तो प्रामाणिक राहण्याचे कारणच काढून घेतो.

या शेवटच्या गोष्टीची मांडणी आधुनिक अर्थशास्त्राने केलेली आहे. जॉर्ज अकरलॉफ यांनी 1970 मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवले, की विकणाऱ्याला माहीत असलेला दोष घेणाऱ्याला ओळखता येत नाही तेव्हा घेणारा सर्वांना सरासरी किंमत देऊ लागतो, आणि त्या किमतीत चांगला माल विकणे परवडत नसल्यामुळे तो बाजारातून निघून जातो. मायकेल डार्बी आणि एडी कार्नी यांनी 1973 मध्ये, ज्यांची गरज खरोखर होती की नाही हे घेणाऱ्याला वापरानंतरही कळत नाही अशा वस्तू आणि सेवांचा स्वतंत्र वर्ग कल्पिला, आणि दुरुस्तीचे काम हे त्या वर्गाचे ठळक उदाहरण आहे. अर्थशास्त्र येथे थांबते. फसवणूक किती प्रमाणात टिकेल एवढे ते सांगते. तिच्यामुळे नेमके काय नष्ट होते, हे न्यायदर्शनाच्या परिभाषेत अधिक चांगले सांगता येते: एक प्रमाणच नष्ट होते. धूर कधी खोटे बोलत नाही, पण माणसाचा शब्द वारंवार खोटा निघाला की त्या प्रदेशातील लोकांना ज्ञानाचा एक मार्ग कायमचा बंद होतो, आणि मग खरे सांगणाऱ्याचे खरे बोलणेही ज्ञान देऊ शकत नाही. आठ हजारांच्या जागी ऐंशी हजार घेणाऱ्याने मालकाचे बहात्तर हजार घेतले असे म्हणणे अपुरे आहे.

मिस्त्रीची बाजूही याच न्यायाने मांडली पाहिजे, नाहीतर विचार एकांगी होईल. रस्त्याकडेच्या गॅरेजमधील बहुसंख्य कारागीर पोरवयात पाने पुसत शिकलेले असतात आणि त्यांचे ज्ञान कानाने, बोटांनी आणि वासाने मिळवलेले असते. इंजिनाचा ठोका ऐकून कोणते बेअरिंग बोलते हे सांगणारी ही विद्या खरी आहे. परंतु 1 एप्रिल 2020 पासून देशभर भारत स्टेज 6 ही उत्सर्जनाची मानके लागू झाली आणि नव्या गाड्यांत इंधनाचा दाब, निकासातील वायू, काजळीचा फिल्टर यांवर नजर ठेवणारे संवेदक आले, तेव्हा या विद्येचा मोठा भाग निरुपयोगी झाला. नव्या इंजिनाशी बोलण्यासाठी स्कॅनर लागतो आणि त्याचे संकेत कंपनीजवळ असतात. भारतीय स्पर्धा आयोगाने 2014 च्या ऑगस्टमध्ये 14 मोटार कंपन्यांवर मिळून सुमारे 2,544 कोटी रुपयांचा दंड ठोठावला, त्यामागे सुटे भाग, तांत्रिक माहिती आणि निदानाची साधने स्वतंत्र गॅरेजांना मिळू न देण्याचाच आरोप होता. केंद्र सरकारने 24 डिसेंबर 2022 रोजी दुरुस्तीच्या हक्काचे संकेतस्थळ सुरू केले, त्यात मोटारी आणि शेतीची अवजारे या दोन्हींचा समावेश आहे, हे कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्याच्या दृष्टीने योग्यच झाले. ज्ञान अडवून ठेवणारा हा अप्रामाणिकपणा कोपऱ्यावरच्या गॅरेजातील लबाडीहून प्रतिष्ठित दिसतो. आप्ताच्या कसोटीवर मात्र तो अधिक जड भरतो, कारण त्यात एका माणसाची फसवणूक नसून संपूर्ण कारागीरवर्गाला न जाणणारा करून ठेवण्याची व्यवस्था आहे. अशा व्यवस्थेत सापडलेल्या मिस्त्रीचे अज्ञान हा त्याचा दोष नव्हे. ते अज्ञान झाकून अंदाजाने एकामागून एक महागडे भाग बदलत राहणे हा दोष आहे.

धर्मविचाराकडे वळले असता या शेवटच्या भेदाला आणखी बळ मिळते. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात जैन श्रावकाच्या अचौर्य अणुव्रताचे, म्हणजे गृहस्थाने पाळायच्या चोरी न करण्याच्या मर्यादित व्रताचे, पाच अतिचार सांगितले आहेत. अतिचार म्हणजे व्रत उघडपणे न मोडता त्याला लागणारा डाग. त्यांत चोराला प्रोत्साहन देणे, चोरीचा माल घेणे, राज्याचे निर्बंध ओलांडून व्यापार करणे आणि मापात खोट करणे यांच्या जोडीला प्रतिरूपक व्यवहार आहे, ज्याचा अर्थ अस्सल वस्तूच्या जागी तिच्यासारखी दिसणारी हलकी वस्तू देणे. डुप्लिकेट बेअरिंग कंपनीच्या खोक्यात घालून विकण्याचे याहून नेमके वर्णन शोधावे लागणार नाही. चोरीचे सुटे भाग स्वस्तात विकत घेणारा मालकही त्याच सूत्राच्या दुसऱ्या अतिचारात सापडतो, ही गोष्ट मालकवर्गाने विसरू नये. इस्लाममध्ये मापात खोट करणाऱ्यांची निंदा कुराणाच्या त्र्याऐंशीव्या सूरेच्या आरंभीच येते आणि त्या सूरेचे नावही त्यांच्यावरूनच पडले आहे. बुद्धाच्या अष्टांगिक मार्गात सम्यक आजीविका हे स्वतंत्र अंग आहे. आदिलाबादच्या गॅरेजांत या सर्व परंपरांच्या घरांतून आलेले हात काम करीत असताना, व्यवहारातील सचोटीबद्दल त्यांच्यात मतभेदाला जागाच नाही, हे स्पष्टपणे सांगितले गेले पाहिजे.

वारकरी परंपरेने तर ईश्वरप्राप्तीचा मार्गच धंद्याच्या जागेतून नेला. गोरोबा मडकी घडवीत, सावतोबा मळा राखत, सेना हजामत करीत आणि नरहरी सोन्याचे दागिने घडवीत संत झाले, आणि ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायात स्वकर्माचरण हीच सर्वात्मक ईश्वराची पूजा असल्याचे प्रतिपादन आहे. ही शिकवण नुसत्या कष्टांच्या गौरवापुरती घेतली तर तिचा अर्धा भाग सुटतो. कर्म ही पूजा असेल, तर कर्मातील खोट ही पूजेतील खोट ठरते. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, मावल्याच्या परिसरातही पाने, जॅक, कंप्रेसर धुऊनपुसून मांडले जातात, त्यांना हळदकुंकू वाहिले जाते, गाड्यांना झेंडूच्या माळा घातल्या जातात आणि चाकाखाली लिंबू ठेवले जाते. हत्यारांची पूजा करणे म्हणजे त्या हत्यारांनी केलेल्या कामाला देवतेची साक्ष ठेवणे होय, असा अर्थ लावला तर त्या विधीतून वर्षभराचे बंधन निर्माण होते, आणि तसा अर्थ लावणेच परंपरेच्या गाभ्याशी सुसंगत आहे.

याच जिल्ह्यात केसलापूरला पुष्य अमावास्येच्या सुमारास भरणाऱ्या नागोबाच्या जत्रेसाठी मेस्राम कुळातील गोंड लोक अनवाणी चालत गोदावरीचे पाणी आणतात, आणि पूजेसाठी लागणारी मातीची भांडी सिरिकोंडा येथील कुंभाराकडून घडवून घेतात. देवाच्या कामासाठी कारागीर निवडताना समाज त्याच्या हाताची परंपरागत ओळख हीच हमी मानतो; तेथे अनुभव पिढ्यांचा असतो आणि दोन्ही पक्ष एकमेकांच्या नजरेत आयुष्यभर राहतात. महामार्गावरच्या गॅरेजात ही नजर नाही. ज्या गिऱ्हाइकाची पुन्हा गाठ पडणार नाही त्याच्याशी कसे वागावे, ही आप्तत्वाची सर्वांत कठीण परीक्षा आहे, आणि तेथे लोकलाजेची जागा आतल्या कोणत्यातरी साक्षीने घ्यावी लागते. तिला कोणी अंतर्यामी म्हणेल, कोणी अल्लाची नजर म्हणेल, कोणी केवळ स्वतःच्या कामाची प्रतिष्ठा म्हणेल. तिच्या अभावी 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यातील सेवेतील उणिवेची तरतूद आणि जिल्हा आयोगाचे दार एवढेच मालकाजवळ उरते, आणि ते दार ठोठावण्यासाठी हातात पक्के बिल लागते, जे घेण्याचे करापायी मालकानेच पुष्कळदा टाळलेले असते.

मालकाचे कर्तव्य येथूनच सुरू होते. श्रद्धा आणि विश्वास यांत फरक केला पाहिजे: देवतेवरील श्रद्धा परीक्षेची अट घालत नाही, माणसावरील विश्वास मात्र परीक्षेने अधिक बळकट होतो आणि आप्ताला परीक्षेचा राग येत नाही. दाबाचा आकडा कागदावर लिहून मागणे, काढलेले जुने भाग परत घेणे, इंजिन उघडताना हजर राहणे, मोठ्या कामाआधी दुसऱ्या गॅरेजात तपासणी करणे, या गोष्टींमुळे शब्द या प्रमाणाला प्रत्यक्षाचा थोडा आधार मिळतो. जो मिस्त्री झिजलेली रिंग बोअरमध्ये सरळ बसवून तिच्या टोकांमधली फट मालकाला दाखवतो, तो आपले ज्ञान त्याच्या डोळ्यांपर्यंत आणून पोहोचवतो, आणि असे करणारे मिस्त्री या महामार्गावर आहेत म्हणूनच त्यावरची वाहतूक चालू आहे. त्यांची मजुरी पाडून मागणे आणि मग लबाडांविषयी तक्रार करणे ही मालकाची असत्य वागणूक होय.

सर्वांत अवघड प्रसंग मात्र पुढे येतो. खोट्या दुरुस्तीत पैसा घातलेला मालक पुष्कळदा ती गाडी विकायला काढतो. इंजिनात घट्ट तेल घालून धूर काही दिवस दाबला जातो, गाडी धुऊन चमकवली जाते आणि पैनगंगेच्या अलीकडचा दोष पलीकडच्या गिऱ्हाइकाच्या गळ्यात पडतो. धान्याच्या बाजारात वरचे धान्य कोरडे ठेवून भिजलेले खाली लपवणाऱ्या व्यापाऱ्याचा प्रसंग हदीसमध्ये आहे. पैगंबरांनी ढिगात हात घातला तेव्हा बोटांना ओल लागली, आणि पावसाने भिजले हे व्यापाऱ्याचे कारण ऐकून त्यांनी ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे विचारले. पावसाने भिजणे हा व्यापाऱ्याचा अपराध नव्हता, तसेच फसवले जाणे हा गाडीमालकाचा अपराध नाही. परंतु गाडी विकताना त्या इंजिनाविषयी जाणणारा तो असतो आणि न जाणणारा समोर उभा असतो. मिस्त्रीकडून ज्या तीन अटींची त्याने अपेक्षा केली, त्या त्या घटकेला त्याच्यावर येऊन पडतात, आणि किमतीतून वीस-तीस हजार कमी होणार हे माहीत असूनही इंजिन तेल खाते हे त्याला स्वतःच्या तोंडाने सांगावे लागते.